तळघरातला बंब

फरशीलगत नाक नेऊन वास घ्या, अशी सूचना इथे अमेरिकेत गॅसच्या वॉटर हीटरवर छापलेली असते. काही गॅस हवेपेक्षा जड असतात आणि खाली साचतात, म्हणून. आमच्या न्यू जर्सीत पाइपातून येणारा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जायचा. पण सूचना लिहिणाऱ्याने सिलिंडरवाल्यांचीही काळजी वाहिलेली. पुढची सूचना त्याहून गोड आहे. वास आलाच तर घरातल्या एकाही बटणाला हात लावू नका, घरातला फोन वापरू नका, शेजाऱ्यांकडे जा आणि त्यांच्या फोनवरून गॅस कंपनीला कळवा. व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे ‘पी.पी.’ लिहायचा काळ आठवला. तेव्हा शेजाऱ्यांचा फोन वापरायला गॅस गळावा लागत नसे.

हे सगळं मला पाठ झालं, कारण आमच्या हीटरची पायलट, म्हणजे बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, टिकेना. लावली की लागायची, दिवसभर शहाण्यासारखी राहायची आणि पहाटे कधीतरी विझायची. बातमी पहिल्यांदा कळायची ती बाबांना. बाबा म्हणजे माझे सासरे, वीज मंडळातून निवृत्त, ऐन थंडीत आमच्याकडे आलेले आणि घड्याळ अजून सांगलीचंच असलेले. बाथरूममधून ‘अगं, पाणी!’ एवढंच ऐकू आलं की मी टॉर्च घेऊन तळघराच्या जिन्याकडे निघायची.

पहिल्या दिवशी तेही मागोमाग खाली उतरले. टाकीभोवती एक प्रदक्षिणा घातली, वरच्या पत्र्याच्या धुराड्यावर टिचकी मारली आणि निकाल दिला, ‘हा तर बंब आहे.’

मी हसले, पण ते अक्षरशः खरं आहे. पांढरा रंग आणि इंग्रजी लेबलं काढून टाका, आत बंबच. खाली जाळ, मधोमध वर जाणारी नळी, नळीच्या भोवती पाणी आणि नळीतून निघून जाणारा धूर. फक्त तांब्याऐवजी पोलादाची टाकी, आणि घंगाळभर पाण्याऐवजी 40 गॅलन, म्हणजे दीडशे लिटर. फरक आहे तो राखणदाराचा. बंबापाशी कोणीतरी असायचं. चिपाडं सारायला, राख पाडायला, धुराने डोळे चोळत ‘कोणाची राहिलीय रे आंघोळ?’ म्हणून ओरडायला. जाळ विझला तर त्या माणसाला दिसायचा. तळघरात कोणीच नसतं. मुख्य बर्नर पाणी गार झालं की पेटतो, तापलं की विझतो, आणि त्याला पेटवायला एक बारीकशी ज्योत चोवीस तास जागी असते. ती विझली आणि गॅस मात्र येत राहिला तर काय, या प्रश्नाचं उत्तर म्हणून तिथे एक राखणदार नेमलेला आहे. त्याचं नाव थर्मोकपल.

हा प्रकार मला फार आवडला. बोटाएवढी धातूची कांडी, तिचं टोक ज्योतीत. आत दोन निरनिराळे धातू टोकाशी जोडलेले. सांधा तापला की त्यातून किंचित वीज वाहते. किंचित म्हणजे 25-30 मिलिव्होल्ट, टॉर्चच्या एका सेलच्या पन्नासाव्या भागाएवढी. एवढ्याशा विजेवर गॅसच्या झडपेतला एक चुंबक तग धरतो. गंमत अशी, की झडप उघडायची ताकद त्यात नाही. उघडलेली झडप धरून ठेवायची तेवढी आहे. म्हणून सुरुवातीला आपण गुडघ्यावर बसून खटका दाबायचा, लाल बटणाने ठिणगी पाडायची, ज्योत लागली तरी मिनिटभर अंगठा काढायचा नाही. कांडी तापली की कारभार तिच्या हाती द्यायचा. ज्योत गेली, कांडी निवली, चुंबक सुटला, गॅस बंद. एवढा संशयी आणि एवढा प्रामाणिक नोकर दुसरा नसेल. पायलट विझल्यावर पाणी गार येतं तेव्हा खरं तर यंत्र बिघडलेलं नसतं, ते आपलं काम चोख करत असतं. पहाटे थंडगार पाण्याखाली उभ्या असलेल्या माणसाला हे पटवून देणं मात्र अवघड.

हा उष्णतेचा खेळ नजरेस आला तो 1821 मध्ये, थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाच्या. दोन धातूंचे सांधे एक गरम, एक गार ठेवले तर जवळच्या होकायंत्राची सुई हलते, हे त्याने पाहिलं. सुई हलली म्हणजे उष्णतेने चुंबकत्वच निर्माण केलं, असं त्याचं मत झालं. ही वीज आहे, असं इतरांनी सांगितलं. त्याला ते रुचलं नाही. मला या गृहस्थाबद्दल जिव्हाळा वाटतो. डोळ्यांसमोर दिसतंय ते बरोबर, कारण मात्र आपल्या मनातलं, हे आमच्या घरातही चालूच होतं.

नवऱ्याने दोन व्हिडिओ पाहून थर्मोकपल गेल्याचं जाहीर केलं. त्याच्या मित्राच्या मते धुराड्यातून उलटा वारा येत होता. सांगलीहून सासूबाई म्हणाल्या, मेला तो हीटरच बदलून टाका. थर्मोकपल बदललं, कारण ते सगळ्यांत स्वस्त. दोन दिवस गरम पाणी आलं, नवरा दोन दिवस शीळ घालत हिंडला आणि तिसऱ्या पहाटे पुन्हा ‘अगं, पाणी!’

मग मी तळघराच्या गार काँक्रीटवर सतरंजी घालून पालथी पडले आणि त्या इवल्याशा काचेतून ज्योतीकडेच बघत बसले. बाबा उलट्या बादलीवर बसून वरून टॉर्च धरत होते. पायलटची ज्योत निळी हवी, नेमकी हवी, कांडीचं टोक तिने पुरतं कवेत घ्यायला हवं. आमची पिवळट होती आणि आळोखेपिळोखे देत होती. कांडीला कधी शिवायची, कधी नाही.

‘पिवळी आहे?’ बाबांनी विचारलं. ‘पिन मार.’

रॉकेलच्या स्टोव्हवर ज्यांचा चहा झाला, त्यांच्या लेखी जगातल्या कुठल्याही ज्योतीवर हा एकच उपाय. त्यांनी खिशातून सेफ्टी पिन काढलीही. पायलटच्या भोकात पिन घालायची नसते, भोक मोठं झालं तर ज्योतीचा मेळ कायमचा जातो, हे त्यांना समजावेपर्यंत माझी कंबर धरली. पण निदानाचा निम्मा भाग त्यांनी बरोबर सांगितला होता. पिवळं म्हणजे हवा कमी. ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. आपल्याकडे बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्या याच वायूच्या. जिन्याशी लावलेला अलार्म गप्प होता, त्यावर आमचा भरवसा.

हवा येते कुठून? 2003 पासून इथल्या अशा हीटरांना खालून बारीक जाळी असते. गॅरेजमध्ये, तळघरात लोक पेट्रोलचे कॅन, रंगाचे थिनर ठेवतात. त्यांची वाफ आत जाऊन पेटलीच, तर ज्वाला बाहेर येऊ नये म्हणून. जळायला लागणारी हवाही याच वाटेने. मी गॅस बंद केला, हीटरच्या तळाखालून हात फिरवला आणि हाताला लागलं मऊ, राखाडी, नमद्यासारखं काहीतरी. शेजारीच कपड्यांचा ड्रायर. वर्षानुवर्षं त्यातून उडालेला आमच्याच टॉवेलांचा आणि पायमोज्यांचा भुसा त्या जाळीने गोळा करून ठेवला होता. व्हॅक्यूमच्या नळीने तो ओढून काढला, पायलट लावली, अंगठा काढला. काचेपलीकडे निळी, ताठ ज्योत.

बाबांनी खटल्याचा निकाल तिथल्या तिथे लावला. दोष हीटरचा नाही, ड्रायरचा. दुपारपर्यंत तळघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी. हे आमच्या सोसायटीच्या नियमात बसतं का, मी विचारलं. नियम बाहेरच्या दोरीबद्दल आहे, ते म्हणाले. वाचून ठेवलेला होता.

आता टॉवेल वाळायला दीड दिवस लागतो. नवऱ्याची तक्रार आहे, की अंगाला खरखरतो.

‘टॉवेल तसाच असतो,’ बाबा म्हणतात आणि आंघोळीला जातात. शॉवर त्यांना चालत नाही. दीडशे लिटरमधलं एक बादली पाणी घेतात.