आत्याचा टीएसएच

आत्याचा टीएसएच ९.२ आला, तेव्हा तिने तो भिशीत जाहीर केला. समोरच्या वहिनींचा नुसता ६.१ होता; त्या बिचाऱ्या गप्प बसल्या. आकड्याशेजारी ‘हाय’ छापलेलं पाहून आतोबांनी निदान केलं, “थायरॉईड जोरात चाललाय हिचा. तरीच आवाज एवढा!”

खरा प्रकार नेमका उलटा. टीएसएच गळ्यातली थायरॉईड ग्रंथी बनवतच नाही. तो मेंदूच्या बुडाशी बसलेली पिट्युटरी सोडते, शाळेच्या दिवशी आई पोराला हाका मारते तसा. पोरगं जितकं गाढ झोपेत, तितका आवाज चढा. तेव्हा टीएसएच वर गेला की ग्रंथी लोळत पडलीय असं बहुधा समजायचं. तो तळाला गेला तर पोरगं पहाटेच उठून धुडगूस घालतंय. आई कशाला हाक मारेल? आणि पोरगं खरोखर उठलंय का, हे सांगतो ग्रंथीच्या स्वतःच्या हार्मोनचा आकडा, फ्री टी-फोर. आत्याचा टी-फोर मर्यादेत होता. उठलं होतं, पण घसा बसेपर्यंत हाका मारल्यावर.

डॉक्टर म्हणाले, याला सबक्लिनिकल म्हणतात. टीएसएच दहाच्या आत आहे, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघू. आत्या दुखावली. “जाऊबाईंना सातला गोळी मिळाली, आणि मला नवाला नाही?” टीएसएच पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो, टी-फोर जरासा हलला तरी हा अनेक पटींनी हलतो, त्यामुळे असे गुण लावून काही उपयोग नाही, हे मी सांगून पाहिलं. ऐकतं कोण!

पुढच्या खेपेला आकडा आला ०.२. घरात सन्नाटा. आतोबा म्हणाले, “बरी झाली.” डॉक्टरांनी मात्र विचारलं, केसांसाठी काही घेता का? घेत होती. थायरॉईडने केस गळतात म्हणून भाचीने बायोटिनच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, आणि काही यंत्रांत हे बायोटिन तपासणीतच लुडबुड करतं: टीएसएच खोटा कमी दिसतो, टी-फोर खोटा जास्त. रोगापायी केस, केसांपायी गोळी, गोळीपायी रोगाचा पत्ताच गायब. डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस बायोटिन थांबवून पुन्हा रक्त दिलं, ११.४ निघाला. आत्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

थायरॉईडची गोळी सुरू झाली. आता दर सोमवारी तपासू, असा तिचा बेत होता. पण रक्तातला टी-फोर निम्मा व्हायलाच आठवडाभर लागतो, म्हणून सहा-आठ आठवडे तरी थांबायचं. तेवढं तिने मानलं. खरा प्रश्न चहाचा होता. गोळी उपाशीपोटी, आणि पुढे किमान अर्धा तास चहा नाही. कॅल्शियमची गोळी तर चार तास लांब. आत्या घड्याळ समोर ठेवून बसते. ती उठेपर्यंत घरात आधण कोण ठेवणार? परवा आतोबांनीही गुपचूप जाऊन रक्त दिलं. चहाला उशीर होणारच असेल, तर निदान तो स्वतःच्या रोगामुळे व्हावा, असं त्यांचं म्हणणं.