चांगल्या वळणाचं कपाट

वीस वर्षं आमच्या स्वयंपाकघराच्या दारालगत एक उंच लाकडी कपाट होतं आणि त्याचा उभा कोपरा नेमका येण्याजाण्याच्या वाटेत होता. ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे तो प्रसाद द्यायचा. मला खांद्याला, बायकोला कोपराला आणि गेल्या दिवाळीत नातवाला थेट कपाळाला. नातवाला टेंगूळ आल्याबरोबर माझी वीस वर्षांची तक्रार एका रात्रीत रास्त ठरली.

बायकोची भाची इंटिरिअर डिझायनर आहे. तिने लॅपटॉपवर बोट फिरवलं आणि कोपऱ्याच्या जागी दीड फूट त्रिज्येचं पाव वर्तुळ उमटलं. "काका, आता सगळीकडे कर्व्हच चालतात," ती म्हणाली. कर्व्हमुळे घर मऊ दिसतं म्हणे.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. पाव वर्तुळ दिसलं की हात कागदाकडे जातोच. कोपऱ्याच्या दोन बाजू मिळून तीन फूट, पाव वर्तुळाची लांबी २.३६ फूट. म्हणजे जवळजवळ आठ इंच प्लाय वाचणार! हा हिशेब मी मोठ्या आनंदाने मिस्त्रींपुढे ठेवला. त्यांनी तो नीट पाहिला, कानावरची पेन्सिल काढली आणि त्याच कागदाच्या पाठीमागे आपला आकडा लिहिला. सरळ कामाच्या अडीचपट.

"सर, तुमची गोलाई कागदावर आहे. मला ती लाकडात आणायचीय."

खरं म्हणजे अर्धा हिशेब मीच दडवला होता. कोपरा गोल केला की प्रत्येक फळीमागे साधारण अर्धा चौरस फूट जागा जाते. पाच फळ्यांची अडीच. पुण्यात ज्याने चौरस फुटाच्या भावाने घर घेतलंय, त्याच्या काळजाला हा आकडा कसा लागतो ते विचारू नका. पण टेंगूळ ताजं होतं, त्यामुळे मी गप्प बसलो.

मुलांना वळण लावणं सोपं, असं त्या पंधरा दिवसांत माझं मत झालं. साध्या प्लायमध्ये लाकडाचे पापुद्रे चिकटवलेले असतात. एकाचे तंतू उभे, तर पुढच्याचे आडवे. युतीच्या सरकारासारखंच हे, एकमेकांना आडवे जातात म्हणून टिकून राहतात. तो प्लाय वाकत नाही. गोलाईसाठी फ्लेक्सी प्लाय आणावा लागतो. त्यात बहुतेक तंतू एकाच दिशेचे, त्यामुळे एका बाजूने तो पोळीसारखा गुंडाळता येतो आणि दुसऱ्या बाजूने ताठच्या ताठ. कोणत्या बाजूने वळणारा हवा, ते दुकानात आधी सांगायचं असतं. आम्ही सांगितलंही होतं. तरी आला तो आठ बाय चारचा प्लाय पिंप करायला उत्तम होता आणि आम्हाला हवा होता खांबासारखा वळणारा. मिस्त्रींनी तो गुंडाळून सुतळीने बांधला आणि लग्नातून चटई परत जावी तसा टेम्पोतून परत पाठवला.

दुसरा आला, तो फर्म्यावर फेविकॉलचे थर देत, शिकंजे लावून रात्रभर आवळून ठेवला. सकाळी शिकंजे काढले तर स्वारी किंचित उलगडली. मी हळहळलो, मिस्त्री नाही. "थोडं सुटणारच, सर. म्हणून आधीच जरा जास्त वळवून ठेवलेलं." शेवटच्या बाकावरच्या मुलांसाठी मीही हेच धोरण ठेवत असे.

मग सनमायका. एक मिलिमीटर जाडी, पण अंगात ताठा केवढा! गरम हवेच्या गनने शेकत शेकत बसवायला गेले तर मधोमध पापडासारखा कडकन मोडला. दुसऱ्याला जास्त वेळ शेकला, मग आला वळणावर.

हा सगळा राडा चालू असताना मी इराण्याच्या हॉटेलात जाऊन बसायचो. तिथे बुडाखाली वाकवलेल्या लाकडाचीच खुर्ची. तिचा मूळपुरुष मिखाएल थोनेट. बीचचे दांडे वाफवायचे, बाहेरच्या अंगाचे तंतू फाटू नयेत म्हणून पोलादी पट्टी लावायची आणि साच्यात वाकवायचे, ही त्याची युक्ती. त्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ सालची. सहा लाकडं, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा संसार. सुटे भाग करून भरले की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. छत्तीस! आणि आमच्या दीडफुटी वळणात मिस्त्रींचे पंधरा दिवस मावले, शिवाय रोजचे चार चहा.

कपाट झालं मात्र देखणं, हे कबूल. येणारा-जाणारा त्यावरून हात फिरवल्याशिवाय पुढे सरकत नाही.

पण आमचे स्टीलचे डबे गोल. वीस वर्षं ते चौकोनी फळ्यांवर बसले, मधल्या फटींत हळकुंडं आणि रबरबँड बाळगून. आता कपाटच गोल झालं म्हटल्यावर त्यांचे दिवस पालटायला हवे होते. तर भाचीला ते जुने डबे नव्या कपाटात शोभेनात. बायकोने चोवीस डब्यांचा प्लास्टिकचा संच आणला. चौकोनी. जागा वाचते म्हणून. त्यातले अठरा बसले. सहांचे कोपरे वळणाबाहेर येतात आणि दार लागत नाही.

ते सहा डबे जुन्या कपाटात आहेत. सागवानी कपाट टाकून कसं द्यायचं, म्हणून ते बाल्कनीच्या दाराशी हलवलंय. त्याचा कोपरा अजून बरोबर काटकोनात आहे. काल सकाळीच खांद्याने तपासला.