सायकलवाले सर

लाखांदुरात ज्याचा शर्ट आत खोचलेला असतो तो सर असतो. तेव्हा सायकलवाले सर शाळेत शिकवतात, बँकेत बसतात की पंचायत समितीत, हे विचारण्यात अर्थ नाही. असा एक इसम लाखांदुरात आहे, पवनीत आहे, साकोलीत आहे, वडशात तर दोन असतील. वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. एके दिवशी रक्ततपासणीचा कागद हाती येतो, त्यात दोन आकडे ठळक छापलेले निघतात आणि डॉक्टर सांगतात, "सकाळी चालत जा." इतका साधा, फुकटचा आणि चारचौघांत दाखवता न येणारा उपाय सरांना पटणं शक्यच नव्हतं.

त्याच रात्री त्यांनी मोबाइलवर नागपूरच्या डॉ. अमित समर्थांविषयी पाहिलं. अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सायकलनं ओलांडायची, सुमारे 4,800 किलोमीटर, तेही बारा दिवसांत. ही 'रेस अक्रॉस अमेरिका' समर्थांनी 2017 साली एकट्यानं पुरी केली. तेव्हा नाशिकला असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथही त्याच वर्षी एकट्यानं ती पार करून गेले, आणि त्याआधी 2015 मध्ये नाशिकच्याच डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीनं केली. गोकुळनाथ फौजेतले, पण तेही डॉक्टरच. सरांनी या माहितीतून दोन निष्कर्ष काढले. एक, नागपूर काही फार लांब नाही. दोन, ही सगळी मंडळी डॉक्टर आहेत, म्हणजे सायकल घेतली तरी आपण डॉक्टरांचंच ऐकतो आहोत.

सायकल नागपुरातून आली. ओसरीवर पाहणीला गर्दी झाली.

"स्टँड कोठी हाये जी?"

"नसतो."

"कॅरियर?"

"नसतं."

"मडगार्ड? घंटी?"

सरांनी मान हलवली. मग प्रश्न आला किमतीचा. सर सत्तर हजार म्हणाले, तेही आवाज खाली घेऊन. इकडं हिशेब रुपयांत होत नाही. साधारण धानाचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये, कोणीतरी बोटांवर मोजून जाहीर केलं, "तीस क्विंटल." ओसरी गप्प झाली. तीस क्विंटल पिकवायला किती बांध्या रोवाव्या लागतात, पऱ्हे कधी टाकावे लागतात, पाण्यासाठी बोडीकडं किती वेळा पाहावं लागतं, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि एवढं देऊन स्टँड नाही.

नव्या सायकलस्वाराची गंमत अशी की जे पैशानं मिळतं ते तो महिनाभर आधी घेऊन ठेवतो, आणि जे फुकट असतं ते त्याला शेवटी सापडतं. बसायच्या जागेची उंची ही त्यातली पहिली फुकट गोष्ट. सरांनी त्यासाठी सूत्र शोधलं. तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावानं ते प्रसिद्ध आहे: पायाची आतली लांबी गुणिले 0.883, तेवढी सीट पायडलच्या मधल्या आसापासून वर. सूत्र चांगलं आहे. पण आतली लांबी मोजायची ती अनवाणी भिंतीला टेकून, मांड्यांमध्ये वही घट्ट वर धरून, जमिनीपासून वहीच्या कडेपर्यंत. सरांनी ती शिंप्याला फोन करून विचारली. शिंप्यानं वहीत पाहून पँटची लांबी सांगितली, कमरेपासूनची. चाळीस इंच. म्हणजे 101.6 सेंटिमीटर, गुणिले 0.883, बरोबर 89.7.

सीटचा खांब तेवढा निघेना. त्याच्यावर एक खूण असते, तिच्या वर ओढायचा नसतो. नाहीतर खांब वाकतो किंवा मोडतो आणि पुढचं वर्णन छापण्याजोगं राहत नाही. खुणेपर्यंत ओढून सर थांबले, ही देवाची कृपा. तरीही पहिला आठवडा ते सीटवर डावी-उजवी कंबर हलवत, पायाच्या चवड्यांनी पायडल शोधत गावातून फिरले. गुडघ्याच्या मागच्या शिरा ओढू लागल्या. सरांना वाटलं, स्नायू तयार होत आहेत.

उपाय निघाला चौकातल्या पंक्चरवाल्या काकांकडे. काकांच्या दुकानात एक पाण्याचं घमेलं, एक पंप आणि अनुभव, एवढंच भांडवल. त्यांनी सरांना सायकलवर बसवलं, एका हातानं भिंतीला धरायला लावलं आणि म्हणाले, "टाच ठेवा जी पायडलवर. आता पायडल खाली न्या. पाय सरका झाला पायजे, कंबर नाई हालली पायजे." मग सरांच्याच पिशवीतली ॲलन की घेऊन सीट खाली, अजून खाली. "आता चवडा ठेवा. गुडघा थोडासा वाकला? झालं." सीटचं नाक सरांनी आभाळाकडं केलं होतं, तेही काकांनी जमिनीला समांतर आणलं. पैसे घेतले नाहीत. सरांनी मनात 0.883 ची माफी मागितली, पण शिंप्याचं नाव काही काढलं नाही.

हवा भरताना मात्र काकांचीच परीक्षा झाली. गावातल्या काळ्या सायकलींना वॉल ट्यूबचा वाल्व्ह असतो, मोटारसायकलीला जाड, आणि सरांच्या चाकातून बोरूएवढी बारीक पितळी नळी डोकावत होती. काकांनी टोपी काढली, पंप लावला, हवा बाहेरच्या बाहेर. या वाल्व्हच्या टोकाला एक चिमुकली चकती असते, ती आधी सैल करून किंचित दाबावी लागते, आणि साध्या पंपाला तो जोडायला पितळेचा छोटा जोड लागतो. जोड सरांच्या घरी होता, खोक्यात, माहितीपत्रकासकट. तो आणल्यावर काकांनी हवा भरली, सरांनी हट्टानं 120 पीएसआय दाबापर्यंत भरवून घेतली, कारण टायरच्या कडेला तेवढा आकडा छापलेला होता. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो. नोटेवर छापलेली किंमत पूर्ण वसूल करायची सवय लागलेल्या माणसाला हे समजावणं अवघड. तालुक्याच्या रस्त्यावर पहिल्याच फेरीत सरांच्या दाढा वाजल्या. आता ते मागच्या चाकात ऐंशीच्या आसपास ठेवतात, पुढच्यात थोडी कमी. 28 मिलिमीटरच्या टायरला आणि सरांच्या देहाला तेवढी पुरते.

इथला रस्ता सायकलीला फार चांगला, असं माझं मत आहे. सपाट मुलूख, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, आणि चढ म्हणावा असा एकच: नदीवरचा पूल. मोबाइलमधल्या ॲपवर सरांनी या पुलाच्या चढाला स्वतःच नाव दिलं आणि त्याच दिवशी ते तिथले 'किंग ऑफ द माउंटन' झाले. राज्यात दुसरा प्रजाजन नाही. अडचण येते ती कापणीनंतर. रस्त्यावर धान वाळत घातलेलं असतं आणि तनस उडत असते. ती मागच्या गिअरमध्ये अशी गुंडाळते की सरांना खाली बसून एकेक काडी उपसावी लागते. येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला थांबतो. "पेट्रोल संपलं का जी सर?" सायकल दिसत असूनही हाच प्रश्न. पगारी माणूस पायडल मारतो म्हणजे काहीतरी संपलेलंच असणार.

आणि मग सरांना ओलांडून जाणारे. शाळेच्या वेळेला मुलींचा ताफा येतो. पाठीला दप्तर, हँडलला डबा, एकीच्या कॅरियरवर दुसरी, तोंडात गप्पा. ताफा सरांच्या बाजूनं घंट्या वाजवत निघून जातो, वर "नमस्ते सर" असं जाता जाता. त्यामागून दोन कॅन लटकावलेला दूधवाला. हे सगळे हलक्या पायानं भराभर पायडल फिरवतात. मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे मारावेत म्हणजे गुडघे टिकतात, हे पुस्तकातलं तत्त्व त्यांना पुस्तकाशिवाय येतं. सर मात्र सगळ्यात जड गिअर लावून मिनिटाला पन्नासनं मुसंडी मारतात, कारण जड म्हणजे जोर. काका रोज ओरडतात, "हलकं मारा जी!" कोणी ओलांडून गेलं की सर घड्याळाकडं पाहतात आणि शेजाऱ्याला सांगतात, "आज रिकव्हरी राइड आहे." म्हणजे दमलेल्या अंगाला विश्रांती म्हणून हळू चालवायचा दिवस. आठवड्यात असा एखादा असावा, हे खरं. सरांचा सोमवार ते रविवार असतो.

पोशाखाविषयी मी फार लिहिणार नाही. गादी शिवलेली ती तंग चड्डी अंगाला लागूनच घालायची असते, आत दुसरं काही नाही, नाहीतर शिवणी घासून सोलवटतं. हे खरं ज्ञान आहे आणि नवख्याला ते कोणी सांगत नाही. पण ती वाळत घातल्यावर शेजारच्या आजींनी सुनेला हळूच विचारलं, "तुया नवऱ्याला का झालं बाई?" तेव्हापासून चड्डी आतल्या खोलीत वाळते, आणि दमट वास येतो.

सरांचं पुढचं स्वप्न ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचं आहे. 200 किलोमीटर, साडेतेरा तासांत, मध्ये खाणं-पिणं-पंक्चर सगळं धरून. ताशी पंधराचा वेग पुरतो. सर म्हणतात सोपं आहे, काका म्हणतात आधी वडसा करून परत या जी. त्या तयारीसाठी दिवाळीनंतर सर पहाटे पाचला निघू लागले. अंगात केशरी-हिरवी जर्सी, डोक्यावर हेल्मेट, मागं लाल दिवा लुकलुकता. आता, हे मंडईचे, म्हणजे इकडच्या जत्रांचे दिवस. गावोगाव रात्रभर झाडीपट्टीची नाटकं, आणि पहाटे पाच ही प्रेक्षकांची घरी परतायची वेळ. पुलाच्या अलीकडे सरांनी पाय जमिनीला टेकले, बाटली काढली. सात-आठ जणांचा घोळका शालीत गुरफटून आला, दिव्याच्या उजेडात सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आदरानं थांबला.

"कोनत्या कंपनीत आहा जी?"

सरांना प्रश्न कळला नाही. "कंपनी?"

"ड्रेस नाई बदलवला म्हून विचारलं. रात्री काम कोठी होतं?"

"काम नाही हो, मी..." सरांना दम लागला होता, आणि दम लागला की तोंडून एकच गोष्ट निघते. "रिकव्हरी राइड."

घोळक्यात चर्चा झाली. मंडईच्या समितीवरचा दिसणारा एक जण पुढं आला. "नाव नवीन हाये. भावनाप्रधान हाये का विनोदी?" सर विचार करेपर्यंत त्यानं खिशातून डायरी काढली होती. "बावीस तारीख खाली हाये. बोला जी, रेट का तुमचा?"