लहरी गृहस्थ

किती वाजले हे माणसाला विनासायास कळावं म्हणून जगाने भरपूर सायास केले आहेत. वेळ मोबाइलवर असते, गाडीत असते, मायक्रोवेव्हवरसुद्धा असते. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना मात्र ही फुकटची वेळ चालत नाही. ती चुकीची असते असं त्यांचं म्हणणं नाही. ती आयती मिळते, एवढाच तिचा गुन्हा.

दिवसभर कुठल्याशा बँकेचे डेटाबेस सांभाळून हे गृहस्थ संध्याकाळी वेळ पकडायला बसतात. ती जितक्या लांबून येईल तितकी चांगली. कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी नावाचं सरकारी केंद्र आहे. 1963 साली सुरू झालेलं हे केंद्र 60 किलोहर्ट्झवर वेळ सांगतं, आणि अमेरिकेतली रेडिओवर चालणारी भिंतीवरची घड्याळं रात्री गुपचूप त्याचं ऐकून स्वतःला सुधारून घेतात. त्याचं नाव काढलं की गृहस्थ हात झटकतात. "अडीच हजार किलोमीटर! हे काय अंतर झालं?" खरा राग वेगळाच आहे. इंग्लंडमधलं अँथॉर्नचं केंद्रही नेमकं 60 वरच बोलतं आणि कोलोरॅडोच्या आवाजाखाली ते बिचारं दबून जातं.

म्हणून त्यांचा जीव जडला तो जर्मनीवर. फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनचं डीसीएफ77, 77.5 किलोहर्ट्झ. या लहरीची लांबी जवळजवळ चार किलोमीटर, आणि ती धरायला यांच्याकडे आहे तांब्याची तार गुंडाळलेली मीटरभर लाकडी चौकट. चौकटीची कड केंद्राच्या रोखाने ठेवावी लागते. पृथ्वीच्या गोलावरून सरळ दोरा ताणला तर एडिसनहून जर्मनी ईशान्येला येते. वास्तुशास्त्राप्रमाणे घरातलं देवघरही ईशान्येलाच. वाटाघाटी झाल्या आणि चौकट देवघरासमोर टांगली गेली. वहिनी निरांजन लावायला तिच्याखालून वाकून जातात. नव्या पाहुण्यांना तो नमस्काराचाच प्रकार वाटतो.

दिवसा हे काम जमत नाही. वातावरणाच्या वरच्या भागातला 'डी' थर उन्हात अशा लहरी गिळतो, म्हणून दोन्ही टोकांना आणि मधल्या समुद्रावर काळोख हवा. डिसेंबरात तो संध्याकाळी पाचपासून रात्री दोनपर्यंत मिळतो. म्हणजे ऐन स्वयंपाकाची वेळ! वहिनींची शेगडी इंडक्शनची, तीही नेमकी याच पट्ट्यात गुणगुणते. आमटीला उकळी आली की फ्रँकफर्ट बुडालंच.

"अहो, झालं का? भात लावायचाय."

"एकच मिनिट!"

नवऱ्याच्या 'एका मिनिटा'ला एरवी काही किंमत नसते, पण इथे ते शास्त्रोक्त आहे. जर्मनी सेकंदाला एकच खूण देते, त्यामुळे वेळ आणि तारीख पुरी कळायला अख्खं मिनिट लागतं. मध्येच कुठे वीज कडाडली की पहिल्यापासून सुरुवात. असं 'एकच मिनिट' मी साडेनऊपर्यंत चाललेलं पाहिलं आहे. उपाशीपोटी.

त्यात रात्री मोठ्या होतात तेव्हाच गल्लीत दिवाळी आणि लगोलग नाताळ. प्रत्येक घरावर एलईडीच्या माळा, प्रत्येक माळेचा अडॅप्टर किरकिरणारा. गृहस्थ छोटा रेडिओ कानाला लावून शेजाऱ्यांच्या कुंपणाकडेने हिंडले. घरच्या आकाशकंदिलाचीही चौकशी झाली. तो निर्दोष सुटला. सगळ्यात मोठा गुन्हेगार त्यांच्याच रिसीव्हरशेजारचा लॅपटॉपचा चार्जर निघाला. हा निकाल मात्र जाहीर झाला नाही. आम्हाला तो वहिनींकडून कळला.

एका रात्री मी हजर असताना जर्मनी लागली. शिट्टीसारखा बारीक सूर, दर सेकंदाला क्षणभर खोल जाणारा. दशांश सेकंद खाली गेला तर शून्य, दोन दशांश गेला तर एक. गृहस्थांनी बोट वर धरलं होतं. अठ्ठावन्नाव्या खुणेनंतर सूर खाली गेलाच नाही. "एकोणसाठावी नाही! बघा, नाही आली!" ते ओरडले. मिनिट संपत आलं हे सांगायला जर्मन लोक ती खूण गाळतात. न आलेल्या गोष्टीचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मग पडद्यावरचा आलेख बघून किराणा दुकानाच्या पावतीमागे शून्य-एक मांडले गेले, त्यांचे तास-मिनिटं झाले, त्यातून सहा तास वजा झाले. प्रवासात गेलेले 21 मिलिसेकंदसुद्धा हिशेबात धरले.

"मग वाजले किती?" मी विचारलं.

त्यांनी पावती हातात घेतली, स्वयंपाकघरात डोकावले आणि समाधानाने म्हणाले, "मायक्रोवेव्ह बरोबर आहे."

आता जर्मनीही जवळची वाटायला लागली आहे. सध्या ध्यास जपानचा. 40 किलोहर्ट्झ, फुकुशिमातल्या ओटाकाडोया डोंगरावरचं केंद्र. 2011मध्ये अणुभट्टीच्या अपघातानंतर तिथली माणसं हलवावी लागली होती आणि केंद्र काही आठवडे मुकं झालं होतं. ती हकिगत गृहस्थ घरचंच कुणी आजारी असल्यासारखी सांगतात. तिकडे सूर्य मावळलेला आणि इकडे उगवायचा असलेला, असा मुहूर्त पहाटेचाच मिळतो. चौकट फिरवून झाली, पांघरुणं आणून झाली. इंडक्शन पहाटे बंद असते, ही मोठी सोय.

"चारला जाग कशी येणार तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढला आणि गजर लावला.