एका वांध्याचे पत्र

श्री. रा. रा. कादंबरीकार साहेब यांसी,
मु. पो. पिंपळगाव बसवंत, ता. निफाड येथून एका वाचक बाईचा सा. न. वि. वि.

आपली सहाशे पानांची ऐतिहासिक प्रेमकादंबरी मी १८७व्या पानावर सोडली. दोष आपला नाही. मुखपृष्ठावर भाळले ती मीच. पौर्णिमा, कारंजे, नथ, आणि शेल्याचे टोक धरून उभा देखणा सरदार!

आमच्याकडे बाजार समितीत ट्रॉलीतला वरचा कांदा बघून बोली लागते. मग खळ्यावर माल खाली करताना आतून काजळी निघाली, की व्यापारी ‘वांधा’ काढतो. भाव पाडतो, नाहीतर माल परत घेऊन जा म्हणतो. शेतकऱ्याची बायको म्हणून मी आजवर वांधे सोसले, काढते आहे पहिल्यांदाच. सवय नाही, सांभाळून घ्यावे.

१८६व्या पानापर्यंत नायिका झोपाळ्यावर आहे. पुढच्या पानावर गेले, तर आपला सरदार तिच्या म्हाताऱ्या बापाला बुरुजावरून लोटतो, तिला केसांना धरून महालात आणतो आणि आतून कडी लावतो. तिच्या किंकाळ्या आपण चवीने लिहिल्यात. आणि त्याच पानाच्या तळाशी मोगऱ्याचा गजरा! ती चक्क लाजते! बापाचे सुतक तरी फिटू द्यायचे होते, साहेब. माझी मेथी तव्यावर करपली, ती वेगळीच.

तो काळच तसा होता, असे आपण म्हणाल. हे आम्हा नाशिककडच्यांना सांगता? आनंदवल्लीला राघोबादादा आणि आनंदीबाई राहत होती. तिथून जवळच, गोदावरीकाठी गंगापूरला गोपिकाबाई होत्या. त्यांचा मुलगा नारायणराव पेशवा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात मारला गेला, पोरगा अवघा अठरा वर्षांचा. त्या खुनाचा ठपका या दादांवर आणि आनंदीबाईवर. एका नदीचे पाणी ही दोन घरे पीत होती. यात कुणाला गजरा माळता येतो का, बघा.

‘स्वामी’ मी तीनदा वाचली. १९६२ची कादंबरी, आईच्या ट्रंकेत होती. थेऊरला १७७२त माधवराव पेशवे क्षयाने जाणार आणि रमाबाई सती जाणार, हे माहीत असूनही दर वेळी रडले. खरे बोलायचे तर ती चिता तिथे जरा जास्तच सुंदर झाली आहे, असे तिसऱ्या वेळी वाटले. पण रणजित देसाई आजार हळूहळू चढवत नेतात. मरण दारात आले आहे हे घरातल्या सगळ्यांना कळते, वाचणाऱ्यालाही. आपल्या महालात मात्र काय घडले ते एकट्या वाचकाला कळते. लेखकाला नाही आणि नायिकेलाही नाही.

काळोखाला माझी ना नाही. दसऱ्याला आमच्या ओट्यावर बायका बसतात, तेव्हा याहून काळे ऐकलेले आहे. फक्त सांगणारी बाई मध्येच थांबून पाणी पिते.

पुस्तक वाचनालयाचे होते, काल परत केले. देताना एक गोष्ट दिसली. पान १८७चा कोपरा माझ्या आधीच कुणीतरी दोनदा दुमडलेला होता. पुढची चारशे पाने कोरी करकरीत.

आपली,
एक वाचक