कडू पाण्याचं गिऱ्हाईक

पाकिटावर सूचना छापलेली असते : ‘बाथटब कोमट पाण्याने भरा, दोन कप एप्सम सॉल्ट घाला आणि पंधरा मिनिटं निवांत पडून राहा.’ नवी मुंबईतल्या शिरवण्याच्या गावठाणात इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि न्हाणीघर असं की साबण खाली पडला तर उचलायला आधी दार उघडावं लागतं. तरी पाकिटं येतातच. डिलिव्हरीवाला पोरगा गल्लीच्या तोंडाशी बाइक लावतो, वरून काकू ओरडतात, ‘मीठ आलं का रे?’ आणि टबाची हौस निळ्या बादलीवर भागते. एका वेळी एकच पाय मावतो. दुसऱ्या पायाचा नंबर उद्या.

हे मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. विदर्भात कपाशीवर लाल्या आला की शेतकरी कृषी सेवा केंद्रातून याचीच गोण उचलतो. तो ‘लॅव्हेंडर आहे का’ असं विचारत नाही. आपल्याकडे तेच पारदर्शक बरणीत येतं, झाकणाला सुतळीचा गोफ बांधलेला असतो आणि किमतीत त्या सुतळीचा वाटा मोठा असतो. शिवाय यातल्या प्रत्येक रेणूला पाण्याचे सात रेणू चिकटलेले. हिशेब केला तर किलोभर मिठात 512 ग्रॅम पाणी निघतं आणि मॅग्नेशियम जेमतेम 100 ग्रॅम. दुधात वाटीभर पाणी सापडलं म्हणून भैयाची सात पिढ्यांपर्यंत चौकशी करणारी मंडळी इथे निम्म्याहून जास्त पाणी घेतात आणि वर पाच स्टार देतात.

खरी मौज पुढेच आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली कितीतरी आगरी घरं खाडीकाठच्या मिठागरांवर जगली. 1970 साली सिडको आली, पाठोपाठ जमिनी गेल्या. मिठागरात खाण्याचं मीठ जमून झालं की मागे दाटसर, कडू पाणी उरतं. मॅग्नेशियमचे क्षार असतात ते त्यातच. हा कडवटपणा राशीतून नीट निथळला नाही तर पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरायला लागतं, म्हणून ते पाणी सरळ सोडून द्यायचं. इंग्लंडातल्या लिमिंग्टनचे मिठागरवाले जरा चलाख. अठराव्या शतकात ते याच उरल्यासुरल्या पाण्यातून एप्सम सॉल्ट काढून विकत होते. गावातल्या एका आजोबांना नातसुनेने पाकीट दाखवून हे सगळं समजावलं. ते बराच वेळ पाकीट उलटसुलट करत राहिले आणि म्हणाले, ‘ये कडू पान्याला लोक पैसं देतान?’ नातसून म्हणाली, ‘आजोबा, हे ऑरगॅनिक आहे.’ (रसायनशास्त्राच्या हिशेबात याच्याइतकं इनऑरगॅनिक दुसरं काही नसेल, पण सूनबाईंना कोण सांगणार?)

नकलेची चिंताही जुनीच. नेहेमाया ग्रू नावाच्या इंग्रज वैद्याने 1695 साली या मिठावर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं आणि 1698 मध्ये पेटंट मिळवलं. मोल्ट नावाच्या दोघा औषधविक्या भावांनी त्याच्याच पुस्तकाचं भाषांतर छापलं आणि मीठ त्याच्यापेक्षा स्वस्तात विकलं. तेव्हा ‘ओरिजिनल कसं ओळखायचं?’ असं विचारणाऱ्या काकूंच्या मागे सव्वातीनशे वर्षांची परंपरा उभी आहे. उत्तर साधं आहे : अंगाला लावायचं किंवा औषध म्हणून आणायचं तर मेडिकलमधून आणा, लेबलवर ‘आय.पी.’ (इंडियन फार्माकोपिया) पाहा. खताची गोण स्वस्त पडते म्हणून तिच्यात पाय बुडवू नका. ती कपाशीसाठी आहे, आणि कपाशीला भेगाळलेल्या टाचा नसतात.

बाकी प्रश्न जिन्यात भेटतात. वरणात चालतं का? चालत नाही, हे सैंधव नव्हे. वजन उतरतं का? उतरतं की, जुलाबाने, आणि पाणी प्यायलं की परत चढतं. जुलाबाचं औषध म्हणून ते खरंच वापरतात, पण किडनी अधू असेल तर मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि प्रकरण जिवावर बेततं. काही अँटिबायोटिक गोळ्यांचंही याच्याशी पटत नाही; त्या पोटात नीट शोषल्या जात नाहीत. मधुमेही आप्पांनी तर पाय बुडवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण बधिर पायाला पाणी किती तापलंय ते कळत नाही. मग त्वचेतून मॅग्नेशियम आत शिरतं ते? त्याला भक्कम पुरावा नाही. बरं वाटतं ते गरम पाण्याने, आणि पंधरा मिनिटं कोणी ‘अहो, जरा इकडे या’ म्हणत नाही त्याने.

तुळशीला घालू का, हाही प्रश्न असतोच. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर घाला चिमूटभर. नाहीतर तिला खिडकीच्या जाळीतून काढून उन्हात ठेवा.

या मिठाची खरी करामत मात्र कोणी विचारत नाही. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येतात, तेव्हा प्रसूतीच्या वॉर्डात याचंच निर्जंतुक इंजेक्शन देतात. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत 33 देशांतल्या सुमारे 10,000 स्त्रिया होत्या. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. ते स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यातही मिळतं. बहुधा म्हणूनच त्याची रील कोणी करत नाही.

रील होते ती पित्ताशय ‘धुण्याची’. पाचव्या मजल्यावरच्या काकांनी तीच पाहून रात्री एप्सम सॉल्ट, ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस घेतला. पहाट कशी गेली ते चौथ्या मजल्याने पाइपातून ऐकलं. सकाळी काका लोणच्याच्या बरणीत हिरवट खडे घेऊन विजयी मुद्रेने डॉक्टरांकडे गेले. असेच खडे पूर्वी प्रयोगशाळेत तपासले गेले आहेत, 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहूनही आलंय : तेल आणि लिंबू यांचा पोटात बनलेला तो साबण होता. डॉक्टरांनी बरणी बाजूला सारली आणि सोनोग्राफी केली. काकांच्या पित्ताशयातले तिन्ही खडे जागच्या जागी होते. काकांनी रिपोर्ट वाचला, बरणी उचलली आणि डॉक्टरांना विचारलं, ‘मग हे चार नवीन आले कुठून?’