रेला दाखवता का, रेला?

"बाई, मोगऱ्याला पाणी मग घाला, आधी कुंपणापाशी या!" वहिनींच्या आवाजावरून बातमी ताजी होती. "जाऊबाईंचा पोरगा आलाय पुण्याहून, मित्रांना घेऊन. ताडोबात वाघीण दिसली, पिल्लं दिसली. आता म्हणतो, काकू, भामरागडला जाऊ, आदिवासी बघायचेत."

"त्यांचंही ऑनलाइन बुकिंग होते का जी?"

"थट्टा नको. केनियात मसाई लोक माणशी पैसे घेऊन गाव दाखवतात म्हणे, उंच उड्या मारून नाचतात. हा तिथं जाऊन आलाय. मला विचारत होता," इथं वहिनींचा आवाज खाली गेला, "गोटुल कुठं असतो?"

"आवाज काहून बारीक केला? एल्विन नावाच्या अभ्यासकानं बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर १९४७ साली पुस्तक काढलं, तेव्हापासून शहरातल्यांना तेवढंच ठाऊक. आपल्या माडियांच्या गावात तंटा तिथं सुटतो, सणाचा दिवस तिथं ठरतो, पाहुण्याची खाट तिथं पडते. मी आश्रमशाळेत होते तेव्हा तपासणीचे साहेब पावसात अडकले, रात्रभर तिथंच घोरले."

वहिनींची जरा निराशाच झाली. "बरं, रेला नाच तरी दाखवतील ना?"

"पंडुमाचा सण असला तर दिसेल. तो झाल्याबिगर नवं धान्य तोंडात घालत नाहीत. रेला तेव्हाचा, हातात हात गुंफून रात्रभर चालतो. उद्या तुमच्या दारात गाडी थांबवून कोणी म्हटलं, काकू, जरा महालक्ष्म्या बसवून दाखवा, आम्हाला पाचला निघायचंय, तर?"

"बसवीन की! दोन हजार देत असेल तर. जेवणाचे वेगळे."

बाप्पा! या बाईपुढं कोण बोलणार? पण पैशाचं खोटं नव्हतं.

"घ्या, पण ठरवणार तुम्ही ना? इथिओपियातले मुर्सी फोटोमागे पैसे मागतात. निदान मागतात तरी. अंदमानात जारवा बायकांना खाण्याच्या आमिषानं नाचवल्याचा व्हिडिओ २०१२ मध्ये बाहेर आला, तेव्हा देशभर शोभा झाली. आपल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा गाव बघा. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला त्यांनी. तिथं बाहेरच्यानं काही करायचं तर आधी ग्रामसभेला विचारायचं. पाहुणा असाच येतो."

"आणि ताडोबात कोणाला विचारलं?"

वहिनी कधी कधी नेमकं बोट ठेवतात. वाघाशी झुंजताना मेलेला गोंडांचा तारू, तलावाकाठी त्याचं ठाणं, त्याच्याच नावावरून ताडोबा. बोटेझरी, जामणी, नवेगाव ही गावं वाघासाठी बाहेर हलवली आणि आत जिप्स्या फिरतात. तारूला विचारायची सोय नाही.

"मग पोराला काय सांगू? हेमलकसा?"

"जाऊ दे, पण १९७३ पासून तिथं आदिवासींसाठी प्रकल्प चालतो, दवाखाना आहे, शाळा आहे, रोग्यांचे फोटो काढत फिरू नको म्हणा. भामरागडच्या आठवडी बाजारात बसावं, चारोळी घ्यावी, म्हाताऱ्या बाईशी घासाघीस करू नये. गावात जायचं तर आधी निरोप पाठवावा. कोणी हाताला धरून रेलात ओढलं तर नाचावं, नाही तर गुमान बसावं. आणि पावसाळ्यात मुळीच नको. पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता बंद."